पोरगं तयार झालंय का?

१२ ऑक्टोबर २०१८ ला हैदराबादच्या उप्पल स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचे जे अकरा जण उतरले, त्यांत आपल्या पालघर जिल्ह्याचे दोघे होते. एक विरारचा पृथ्वी शॉ. वय अठरा, आणि आदल्याच आठवड्यात राजकोटला पहिल्या कसोटीत १३४ धावा ठोकून आलेला. दुसरा पालघरचा शार्दूल ठाकूर. त्याची ही पहिलीच कसोटी, आणि सत्ताविसावा वाढदिवस चार दिवसांवर आलेला. जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. वसईपासून तलासरीपर्यंत ज्याला ज्याला क्रिकेटचं वेड, त्याच्या घरी त्या दिवशी सण होता. शार्दूलने दहा चेंडू टाकले, जांघेत लचक भरली आणि तो लंगडत बाहेर गेला. पृथ्वीने ७० आणि नाबाद ३३ धावा केल्या आणि मालिकावीराचा मान घेऊन परतला.

त्या संध्याकाळी आमच्या कोसबाडला कुणालाही विचारलं असतं, तर एकच उत्तर मिळालं असतं: पृथ्वी दहा-पंधरा वर्षं खेळणार, शार्दूलचं काही खरं नाही. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पृथ्वीच्या कसोट्या पाचावर थांबल्या. शार्दूल दोन वर्षं वाट पाहत राहिला आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला उतरला. भारत ६ बाद १८६ असा अडकला असताना वॉशिंग्टन सुंदरबरोबर त्याने १२३ धावा जोडल्या, स्वतः ६७ केल्या, वर सामन्यात सात बळी घेतले. तो सामना आणि ती मालिका आपण जिंकलो.

हे आता लिहायचं कारण म्हणजे विरारचाच आणखी एक मुलगा. आयुष म्हात्रे. जुलै २००७ चा जन्म. सतरा वर्षांचा असताना मुंबईकडून रणजीत महाराष्ट्राविरुद्ध १७६ केल्या. डिसेंबर २०२४ मध्ये विजय हजारे करंडकात नागालँडविरुद्ध ११७ चेंडूंत १८१, त्यात ११ षटकार. आयपीएलमध्ये ऋतुराज गायकवाड जायबंदी झाला म्हणून चेन्नईने याला बोलावलं, तर वानखेडेवर पहिल्याच सामन्यात १५ चेंडूंत ३२, आणि बंगळुरूला ४८ चेंडूंत ९४. मग १९ वर्षांखालील भारतीय संघाचं कर्णधारपद घेऊन इंग्लंडला गेला आणि चेम्सफर्डला ८० चेंडूंत १२६ करून आला. तेव्हापासून घोलवड स्टेशनबाहेर, चिकूच्या वाडीत, डहाणू लोकलच्या डब्यात एकच वाद ऐकते आहे. कुणी म्हणतं, आत्ताच घ्या भारताच्या संघात, लोखंड तापलंय. कुणी म्हणतं, थांबा, नाहीतर याचाही पृथ्वी होईल.

‘याचाही पृथ्वी होईल’ हे वाक्य मला फार लागतं. एका जिवंत, अजून खेळणाऱ्या मुलाच्या नावाचं आपण भीतीचं उदाहरण करून टाकलं आहे.

मी कोसबाडच्या टेकडीवर बालवाडीत आयुष्य काढलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, ते पुढे इथे टेकडीवर आलं. अनुताई वाघांना मी पाहिलं आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं, हा त्या दोघींचा रिवाज. गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. आम्हा शिक्षिकांना पहिली शिकवण मिळाली ती बघण्याची. मुलाच्या हातात वस्तू द्यायची, जवळ बसायचं आणि तो काय करतो ते बघायचं, मध्ये हात घालायचा नाही. एखादं पोर नवव्या महिन्यात चालतं, एखादं पंधराव्या-सोळाव्यात. चौथीत गेल्यावर कोण आधी चाललं होतं हे कुणाला ओळखता येत नाही. क्रिकेट मी रेडिओवर ऐकत वाढले आणि टीव्हीवर बघत म्हातारी झाले. त्यामुळे ‘हा तयार आहे का’ असं कुणी विचारलं, की आधी माझ्यातली बालवाडीची बाई जागी होते.

पृथ्वीकडे नीट बघू. आई लहानपणीच गेली. वडिलांनी धंदा बाजूला ठेवून मुलाला विरारहून वांद्र्याला नेण्या-आणण्याचं काम पत्करलं. विरारची लोकल म्हणजे काय असते हे मुंबईकडच्या वाचकांना सांगायला नको, त्यात ते पोर किट घेऊन चढायचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्डकडून त्याने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. वय चौदा. त्या दिवसापासून हा मुलगा सगळ्यांचा झाला. जानेवारी २०१७ मध्ये रणजी उपांत्य फेरीत पहिल्याच सामन्यात शतक, त्याच वर्षी दुलीप करंडकात पहिल्याच सामन्यात शतक, फेब्रुवारी २०१८ मध्ये कर्णधार म्हणून १९ वर्षांखालील विश्वचषक, ऑक्टोबरमध्ये कसोटीच्या पहिल्याच डावात शतक, तेही ९९ चेंडूंत. मग सांगा, तयारी नव्हती असं त्या वेळी कोण म्हणणार होतं? निवड समितीची चूक मला तरी दिसत नाही.

पण त्याच्या खेळात एक फट होती. त्याची बॅट मागे जाते ती गलीच्या दिशेने, आणि तिथून वळसा घेऊन खाली येते. पुढचा पाय चेंडूच्या टप्प्यापर्यंत जात नाही. चेंडू वळत नसेल तर अडचण काही नाही, उलट हातांना मोकळी जागा मिळते आणि तो ऑफला असा काही झोडतो की बघत राहावं. पण टप्पा पडून आत येणारा वेगवान चेंडू असला, की बॅट आणि पॅड यांच्यामधून वाट मोकळी. राजकोटच्या पाटा खेळपट्टीवर ही वाट शोधणारा गोलंदाज समोर नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला गुलाबी चेंडू घेऊन मिचेल स्टार्क होता. रिकी पाँटिंग, म्हणजे दिल्लीच्या संघातला पृथ्वीचाच प्रशिक्षक, समालोचन करत होता. चेंडू आत आला तर हा बॅट आणि पॅडमध्ये फट सोडतो आणि तिथेच मारा होईल, असं तो बोलतो न बोलतो तोच स्टार्कचा चेंडू त्याच फटीतून यष्ट्यांवर. डावाचा दुसराच चेंडू होता तो. दुसऱ्या डावात ४ धावा, तशाच. भारत ३६ वर गडगडला तो हाच डाव. पाच कसोट्यांत ३३९ धावा, सरासरी ४२ च्या वर, आणि त्यानंतर कसोटी नाही.

ही फट चौदाव्या वर्षी नव्हती का? असणारच. पण पाचशे सेहेचाळीस करणाऱ्या मुलाला कोण म्हणणार, बाळा, बॅट जरा सरळ आण? आणि म्हटलं तरी त्याने का ऐकावं? त्या वयात मुलाचं यश मोठ्यांचं तोंड बंद करतं. बालवाडीत मी पाहिलं आहे. जे मूल तीन वर्षांचं असताना घडाघडा बोलतं, त्याला गोष्ट सांगायला सगळे पुढे करतात, आणि त्याला कात्री धरता येत नाही हे सहा महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

मध्ये दुखापत झाली. २०१८ च्या शेवटी सिडनीत सराव सामन्यात सीमारेषेवर झेल घेताना घोटा मुरगळला. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या बंदी असलेल्या घटकापायी आठ महिन्यांची बंदी आली. एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि सगळ्या देशाचं बोलणं त्याच्यावर. २०२१ मध्ये विजय हजारे करंडकात त्याने ८२७ धावा करून मुंबईला जिंकून दिलं. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. रणजीच्या इतिहासात त्याच्या पुढे एकच डाव आहे, भाऊसाहेब निंबाळकरांचा १९४८ सालचा नाबाद ४४३. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं, आणि पुढच्या महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. सराव कमी झाला, संगत चुकली, हे नंतर त्याने स्वतःच सांगितलं. ते बोलायलाही धैर्य लागतं. मग तो महाराष्ट्राकडे गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चंदीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२ करून आला. तेव्हा त्याच्या सव्विसाव्या वाढदिवसाला जेमतेम दोन आठवडे होते. शार्दूलने पहिली कसोटी खेळली तेव्हा तो या २२२ वेळच्या पृथ्वीपेक्षा वर्षाने मोठा होता. मग पृथ्वी संपला असं म्हणायची घाई कसली?

शार्दूलची वाट वेगळी. पालघरला लोकल आली २०१३ साली. त्याआधी आमच्या भागातल्या पोरांना शटल आणि मेलच्या पासावर मुंबई गाठावी लागे. पहाटे निघायचं आणि रात्री परतायचं. दिनेश लाड सरांनी एका शालेय सामन्यात या पोराला पाहिलं, बोरिवलीच्या आपल्या शाळेत आणलं, आणि रोजची ये-जा झेपणार नाही म्हणून घरच्यांशी बोलून स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हॅरिस शील्डमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. तरी त्याच्यामागे कॅमेरे लागले नाहीत. २०१२ मध्ये रणजी, सुरुवात साधीच. अंगाने जाड आहे म्हणून बोलणी खाल्ली, वजन उतरवलं. २०१४-१५ च्या मोसमात ४८ बळी, पुढच्या मोसमात रणजीच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रविरुद्ध आठ. २०१७ मध्ये श्रीलंकेत भारताकडून पहिला सामना खेळताना दहा नंबरचा शर्ट घातला, तर लोकांनी त्याला धारेवर धरलं. त्याने नंबर बदलला आणि गोलंदाजी चालू ठेवली. ब्रिस्बेननंतर ओव्हलला दोन्ही डावांत अर्धशतकं, जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत ७ बळी. या सगळ्यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्याच्या चुकांना मिळालेली सावली. जाडेपणा, ढिला टप्पा, वाया गेलेले सामने, हे सगळं लाड सरांसमोर आणि मुंबईच्या मैदानांवर घडलं. देशाने ते पाहिलं नाही. त्यामुळे त्यातून शिकून पुढे जाता आलं.

माझी चुलतबहीण टोरंटोजवळ राहते. तिच्या मुलाला आइस हॉकीचं वेड. तिच्याकडून कळलं की तिकडेही हाच वाद असतो, फक्त बर्फावरचा. नॅशनल हॉकी लीगचे संघ अठराव्या वर्षी मुलांची निवड करतात, पण निवड झाली म्हणून कुणी लगेच मोठ्या संघातून खेळत नाही. बहुतेक मुलं वर्ष-दोन वर्षं आपल्या ज्युनियर संघात परत जातात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला मोठ्या संघाने नऊ सामन्यांपर्यंत खेळवून पाहिलं आणि परत पाठवलं, तर त्याच्या कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, ते पुढे सरकतं. म्हणजे मुलाला चाखवून बघायचं आणि मागे न्यायचं, याची सोय नियमातच आहे. नववा सामना जवळ आला की चाहते दोन तट पाडून भांडतात, ठेवा की पाठवा. पण परत पाठवलेल्या मुलाला कुणी नापास म्हणत नाही. ही गोष्ट मला फार आवडली. आपल्याकडे भारताच्या संघातून परत रणजीत आला की ‘टाकून दिला’ हाच शब्द.

त्याच आइस हॉकीतून आणखी एक गोष्ट जगाला कळली. रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाखवून दिलं की तिथल्या वरच्या संघांत जानेवारी ते मार्च जन्मलेल्या मुलांचा भरणा आहे. कारण साधं. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून. एकाच गटात जानेवारीचा मुलगा आणि डिसेंबरचा मुलगा असतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, समज, सगळ्यात फरक. प्रशिक्षक मोठ्या दिसणाऱ्याला निवडतो, त्याला चांगलं शिक्षण मिळतं, आणि मग तो खरोखरच चांगला होतो. डिसेंबरचा मुलगा घरी बसतो. आपल्या क्रिकेटमध्ये वयोगटाची रेघ १ सप्टेंबरला आहे. पृथ्वीचा जन्म ९ नोव्हेंबरचा, शार्दूलचा १६ ऑक्टोबरचा, दोघेही गटातले मोठे. आयुषचा १६ जुलैचा, म्हणजे आपल्या गटातला जवळजवळ सगळ्यांत धाकटा. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी अंगाने मोठ्या मुलांत लहान राहून जो पुढे आला त्याच्याकडे मी जरा जास्त आशेने बघते.

वयाचा विषय निघाला म्हणून राहुल द्रविडचं नाव घ्यायला हवं. डिसेंबर २०१५ च्या पतौडी व्याख्यानात त्याने वय चोरण्यावर कडक बोल सुनावले होते. पुढच्या वर्षी मंडळाने नियम केला की १९ वर्षांखालचा विश्वचषक एका मुलाने एकदाच खेळायचा. माझ्या मते मुलांच्या भल्याचा एवढा चांगला निर्णय आपल्या क्रिकेटमध्ये क्वचितच झाला असेल. त्यामुळे दरवेळी नवी पोरं येतात, आणि खेळून झालेल्यांना मोठ्यांच्या मैदानात उतरून मार खावा लागतो.

आमच्या घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. चिकू झाडावर पिकत नाही. तो तयार झाला की काढायचा आणि मग घरात पिकवायचा. तयार झाला हे ओळखायचं कसं, तर सालीवरचा भुरका कोंडा झडलेला असतो, आणि नखाने हलका ओरखडा काढला की आत पिवळसर दिसतं. हिरवं दिसलं तर थांबायचं. हिरवा काढलेला चिकू मऊ होतो, पण गोड होत नाही. वाडीतली बाई शेकडो चिकूंमधून हे बघत जाते. मुलांच्या बाबतीत असा ओरखडा काढायची सोय असती तर हा सगळा वाद मिटला असता. धावा म्हणजे तो ओरखडा नव्हे. पृथ्वीच्या धावा पिवळ्याजर्द होत्या.

माझा भाचा डहाणूला राहतो, टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवतो, भातकापणीनंतर शेतात खेळपट्टी करून. तो माझं ऐकून घेतो आणि मग म्हणतो, “मावशी, सचिन सोळाव्या वर्षी कराचीला खेळला. त्याला कुणी थांबवलं होतं?”

थांबवलं होतं. १९८८ च्या डिसेंबरात गुजरातविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात नाबाद शतक केल्यावर लगेच गलका झाला होता की वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर त्याला न्या. निवड समितीने नेलं नाही. तिथल्या तोफखान्यासमोर पंधरा वर्षांचं पोर इतक्यात उभं करायचं नाही असं ठरलं. तेव्हाही लोक चिडले होते. त्या मोसमात मुंबईकडून सगळ्यांत जास्त धावा त्याने केल्या, पुढच्या मोसमाच्या आरंभी इराणी सामन्यात शतक केलं, आणि मग नोव्हेंबर १९८९ मध्ये कराची. थांबायला लागलं ते एवढंच, पण त्या काळात त्याच्याभोवती कोण होते ते बघा. आचरेकर सर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन खेळवायचे. भाऊ अजित प्रत्येक डावानंतर बोलत बसायचा. शाळा आणि मैदान जवळ पडावं म्हणून काका-काकूंनी शिवाजी पार्कला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. लाड सरांनी शार्दूलसाठी केलं तेच. आयुषलाही विरारहून मैदानापर्यंत घेऊन जाणारे आजोबा होते असं वाचलं, आणि मला बरं वाटलं.

“म्हणजे घरचे असले की झालं?” भाचा विचारतो. नाही, पण पडल्यावर उठवायला कोण आहे हे कळल्याशिवाय मी कुणालाच तयार म्हणणार नाही. जेमिमा रॉड्रिग्जला २०२२ च्या महिला विश्वचषकाच्या संघातून वगळलं होतं. मुंबईच्या ‘मैदान क्रिकेट’मध्ये मुलांबरोबर खेळून ती परत उभी राहिली. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत पुढच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ केल्या आणि नंतर डोळे पुसत सांगितलं की या स्पर्धेत आपण रोज रडत होतो, घरच्यांनी आणि मैत्रिणींनी सांभाळलं. मुलींच्या क्रिकेटबद्दल आमच्या टपरीवर अजून कुणी तट पाडून भांडत नाही, याचं मला वाईट वाटतं. तिथेही भांडायला हवं.

भाच्याच्या स्पर्धांत तलासरीकडची वारली पोरं येतात. अनवाणी धावत येऊन असा वेग काढतात की यष्टिरक्षक चार पावलं मागे सरकतो. त्यांनी सीझन बॉल हातात धरलेला नसतो. चर्चगेट इथून सव्वाशे किलोमीटर. त्यांच्या तयारीवर वाद घालायला कुणीच नसतं. बारावी झाली की ती उंबरगावच्या नाहीतर बोईसरच्या कारखान्यात लागतात, आणि रविवारी खेळतात. आयुषवर तावातावाने बोलणाऱ्यांना मी दरवेळी सांगते, तुमच्यातला निम्मा जोर इकडे लावा. एक सिमेंटची खेळपट्टी, एक जाळं आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक शिकवणारा मिळाला, तरी बरंच होईल.

आयुषबद्दल माझं मत भाच्याला ठाऊक आहे. वीस षटकांच्या सामन्यांत खेळू दे, तिथे तो आजच शोभतो. कसोटीसाठी मात्र त्याने रणजीचे दोन पूर्ण मोसम काढावेत, पाटा खेळपट्ट्यांवरचे नव्हे, तर जानेवारीत उत्तरेकडे सकाळच्या दवात चेंडू हलतो तिथले. त्यात चार वेळा शून्यावर जावं. शून्यानंतर तो जाळ्यात कुणाबरोबर जातो आणि काय बदलतो हे मला बघायचंय. भाचा म्हणतो, “तोपर्यंत दुसरा कुणी येईल मावशी, जागा जाईल.” जाऊ दे. शार्दूलची दोन वर्षं गेलीच होती.